वायरमनचा कॉम्प्युटर

जगभर घरोघरी कॉम्प्युटर कसा पोचला याचा इतिहास कुणी लिहायला बसलं, तर तो अमेरिकेपासून सुरू करील आणि बहुधा तिथंच संपवील. माझं म्हणणं एवढंच की बीड जिल्ह्यातलं नेकनूर आणि आसपासच्या दहा-बारा खेड्यांपुरता हा इतिहास माझ्या धाकट्या मावशीच्या यजमानांपासून सुरू होतो. बाकीच्या जगात कॉम्प्युटर कंपन्यांनी विकला, दुकानदारांनी खपवला, जाहिरातींनी गळ्यात मारला. आमच्याकडं तो एका वायरमननं विजेच्या खांबावर चढून, खाली उभ्या असलेल्या घरमालकाला वरून सांगून सांगून घ्यायला लावला. आम्ही भाचरं त्यांना काका म्हणतो, गाव त्यांना तात्या म्हणतं, आणि त्यांच्या माघारी सगळे नुसतं वायरमन म्हणतात. सडसडीत अंगाचा, दहावीपर्यंत शिकलेला, लग्नकार्यातसुद्धा सदऱ्याच्या खिशाला टेस्टर लावून पंगतीला बसणारा हा माणूस. वाढप्यानं जिलबी आणली तरी यांची नजर मांडवाच्या वायरिंगवर. एकदा नवरदेवाच्या डोक्यावरची लोंबती वायर बघून त्यांनी मंगलाष्टकं थांबवली होती. ती वायर खरोखरच उघडी निघाली म्हणून बरं, नाहीतर मावशीचं त्या घरी जाणं-येणं तेव्हाच बंद झालं असतं.

कॉम्प्युटरशी त्यांची ओळख केजच्या वीज कचेरीत झाली. बिलं छापायला नवं यंत्र आलं होतं आणि त्याला अर्थिंग करून द्यायला काकांना बोलावलं होतं. अर्थिंग म्हणजे जमिनीत खड्डा घेऊन, त्यात तांब्याची पट्टी पुरून, मीठ आणि कोळसा भरायचा, म्हणजे वीज चुकून उसळली तर ती जमिनीत जाते, यंत्राला किंवा माणसाला धक्का बसत नाही. काम दोन तासांचं. काका ते उरकून संध्याकाळपर्यंत तिथंच उभे राहिले. यंत्रावर बसलेल्या माणसाला दया आली असावी. त्यानं काकांचं नाव विचारून पडद्यावर उमटवलं, मग पुसलं, मग पुन्हा उमटवलं. त्या दिवशी घरी आल्यावर जेवताना काकांचं ताटाकडं लक्ष नव्हतं. मावशीनं कारण विचारलं तर म्हणाले, "कागदावर लिवलेलं खोडलं तर डाग ऱ्हातो. ह्येच्यात डागच न्हाई." मावशीला वाटलं, कचेरीत कुणी काही बोललं असेल. तिनं त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

पुढं दोन-तीन वर्षांनी बीडमध्ये कुणीतरी आपला जुना कॉम्प्युटर काढतोय असं त्यांना कळलं. मी तेव्हा बीडला कॉलेजात होतो. इंग्रजी वाचता येणारा माणूस बरोबर पाहिजे म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. खरेदी कशी झाली ते मला आता आठवत नाही, पण तो कॉम्प्युटर एसटीनं नेकनूरला कसा आणला ते विसरणं शक्य नाही. जुन्या पद्धतीचा, पाठीमागं भलं मोठं पोट असलेला पडदा काकांनी मांडीवर घेतला होता आणि खालचा डबा शेजारच्या सीटवर खिडकीशी बसवला होता. कंडक्टर म्हणाला, सामान टपावर टाका. काकांनी त्याला अत्यंत शांतपणे सांगितलं की हे सामान नाही. मग हे काय आहे, यावर त्या दोघांत मांजरसुंब्यापर्यंत चर्चा झाली. शेवटी काकांनी डब्याचं पूर्ण तिकीट काढलं. वाटेत एक म्हातारे गृहस्थ चढले, गाडीत दुसरी जागा नव्हती. काका उठले, म्हाताऱ्यांना स्वतःची जागा दिली, आणि पडदा पोटाशी धरून नेकनूरपर्यंत उभे आले. डबा मात्र तिकिटाच्या हक्कानं खिडकीशी बसून होता. म्हाताऱ्यांनी उतरताना त्या डब्याला नकळत हात जोडल्यासारखं केलं.

गावात तो आला तेव्हा त्याला बघायला लोक आठवडाभर येत होते. मावशीनं आपल्या एका चांगल्या लुगड्याचा काठ फाडून त्याला आच्छादन शिवलं होतं. लोक बसायचे, काका आच्छादन काढायचे, पडदा उजळायचा. आणि मग अवघड प्रसंग यायचा. कुणीतरी विचारायचंच, "तात्या, पर ह्येच्यात हाय काय?" खरी गोष्ट अशी होती की त्यात काहीही नव्हतं. पहिल्या वर्षभरात त्या कॉम्प्युटरमध्ये दोनच गोष्टी जमा झाल्या. एक, वरिष्ठांना लिहिलेला तीन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज. आणि दुसरी, त्यांच्या हद्दीतल्या सगळ्या विजेच्या खांबांची यादी, नंबरासकट, कोणता वाकलाय, कोणत्यावर मधमाश्यांचं पोळं आहे या शेऱ्यांसकट. ती यादी काका पाहुण्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवत. ऐकणाऱ्याचा खांब आला की तो माणूस सावरून बसे.

तो काळ भारनियमनाचा होता. वीज बारा-बारा तास नसायची, आणि कॉम्प्युटर एकदम बंद पडला तर बिघडतो असं काकांना सांगण्यात आलं होतं. वीज कधी जाणार हे अख्ख्या पंचक्रोशीत फक्त त्यांना माहीत असे. ते कुठल्यातरी शिवारात खांबावर नाहीतर सबस्टेशनवर असत आणि घरी मावशी एकटी. मग ते सबस्टेशनवरून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप देत, शेजारीण पळत येई, आणि मावशी हातातलं पीठ झटकून कॉम्प्युटर रीतसर बंद करी. त्यामुळं एक विचित्र गोष्ट घडली. मावशीला कॉम्प्युटर चालू कसा करायचा ते कधीच आलं नाही, पण बंद करायला तिच्याइतकी तरबेज बाई सगळ्या जिल्ह्यात नसेल. गावात काहींना संशय होता की वायरमन स्वतःच्या यंत्रासाठी लाईट राखून ठेवतो. वस्तुस्थिती उलट होती. आपल्यावर बोट यायला नको म्हणून ते आपल्या गल्लीची वीज वेळेच्या दोन मिनिटं आधीच घालवत. गल्लीचे त्याबद्दलचे विचार इथं लिहिण्यासारखे नाहीत.

एकदा स्वतःच्या घरी कॉम्प्युटर आल्यावर तो सगळ्यांकडं असावा, असं त्यांच्या मनानं घेतलं. वर्तमानपत्रातल्या परदेशच्या बातम्या ते पावसाच्या अंदाजासारख्या वाचत. शाळेनं टाकून दिलेला जगाचा नकाशा त्यांनी आणून भिंतीला लावला होता, आणि ज्या देशात लोक घरी कॉम्प्युटर घ्यायला लागलेत असं वाचनात येई, तिथं ते मावशीच्या पाकिटातली एक टिकली चिकटवत. जपान, ब्राझील, पोलंड असं करत करत नकाशा लालभडक झाला. नेकनूरलाही एक टिकली होती. तिच्याखाली सगळा मराठवाडा आणि थोडा तेलंगणा झाकला गेला होता. फ्यूज बसवायला कुणाच्या घरी गेले की ते विचारत, "ब्राझीलमधी घ्यायलेत, तुमी कावून न्हाई घेत?" ब्राझीलशी स्पर्धा करावी असं नेकनूरमध्ये कुणाला आजवर वाटलं नव्हतं. पण एखादी गोष्ट एखादा माणूस दहा वर्षं रोज विचारत राहिला, की लोक शेवटी लाजेकाजेनं ऐकतात. आधी हेडमास्तरांनी घेतला, मग बी-बियाण्याच्या दुकानदारानं, मग औषधवाल्यानं. माझ्या मावसबहिणीची सोयरीक ठरत होती तेव्हा काकांनी मुलाच्या वडिलांना जमीन, नोकरी यातलं काही विचारलं नाही. "घरात कंपुटर हाय का?" एवढंच विचारलं. आजवर मुलीचा बाप असं काही मागतो हे त्या गृहस्थांच्या ऐकिवात नव्हतं. ते घाबरून हो म्हणाले, आणि लग्नाच्या आत खरोखरच एक घेऊन आले.

ज्या घरी कॉम्प्युटर येई, तिथलं अर्थिंग काका स्वतः करत. एक पैसा घेत नसत आणि त्यात कुणाचं ऐकतही नसत. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ओला ठेवावा लागतो, माती सुकली की त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून मार्च लागला की काका प्रत्येक घरी जाऊन त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतून येत. एका वर्षी पाण्याचे टँकर सुरू होते, बायका हंडे घेऊन ताटकळत उभ्या असायच्या, आणि हे गृहस्थ कुणाच्यातरी परसात जमिनीत पाणी ओतताना एका बाईनं पाहिलं. तिनं त्यांना सगळ्या आळीसमोर चांगलं फैलावर घेतलं. माणसाला प्यायला मिळंना आन तुमी लोखंडाला पाजवता व्हय, असा तिचा सूर होता. काकांनी उलट उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची आंघोळ अर्ध्या बादलीवर आणली, उरलेलं पाणी एका कळशीत भरलं, आणि ती कळशी खांद्यावर घेऊन ते अकरा घरं फिरू लागले. मी एकदा म्हटलं की काका, लोकांना नाही पर्वा, तुम्ही का एवढा त्रास घेता. ते म्हणाले, "म्या घ्यायला लावला. उद्या कुणाला शॉक बसला तर माझ्या तोंडाकडंच बघतेल ना?"

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, की ह्या यंत्रात ठेवायचं काय. आमच्या भागातली निम्मी घरं दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला बाहेर पडतात. ट्रक भरले जातात, भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं सगळं वर चढतं, आणि त्यात एक पत्र्याची पेटीही असते. त्या पेटीत रेशन कार्ड, शाळेचे दाखले, जातीचे दाखले, सातबारा असं घराचं सगळं कागदी आयुष्य असतं. माघारी घराला नीट कुलूप नसतं म्हणून पेटी बरोबर न्यायची, आणि उसाच्या फडाजवळ वाळक्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, सहा महिने ठेवायची. ती कधी भिजते, कधी वाळवी लागते, कधी सापडतच नाही. काकांनी केजला बंद पडलेल्या एका झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅनर आणला, आणि ट्रक भरायच्या दिवसांत ते घरोघर जाऊन सांगू लागले की जायच्या आधी कागद माझ्याकडं आणा, मी त्याचे फोटो यंत्रात ठेवतो. लोक हसले. काहींना वाटलं, यात वायरमनचा काही डाव असेल. पण डाव कोणता ते कुणालाच सुचेना, म्हणून हळूहळू कागद येऊ लागले. मावशी एकेक कागद उन्हात धरून सरळ करून द्यायची, काका तो काचेवर ठेवायचे. एका दाखल्याला यंत्र दोन मिनिटं घ्यायचं. त्या दोन मिनिटांत काका श्वास रोखून उभे असत.

हे सगळं ते कशाच्या नावानं ठेवत, हे मला बरेच दिवस ठाऊक नव्हतं. गावात एकाच नावाचे सहा-सहा लोक, आडनावं तर दोन-तीनच. काकांना माणसं नावानं लक्षात राहतच नसत. त्यांच्या डोक्यात गाव होतं ते खांबांच्या नंबरांनी. म्हणून प्रत्येक कुटुंबाचे कागद 'पोल सात, उजवीकडं' किंवा 'पोल तीस, बोळात आत' अशा नावाखाली होते. मी हे पाहिलं तेव्हा म्हटलं, काका, हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही, आणि ह्या सगळ्याची एक प्रत सीडीवर काढून ठेवा, यंत्र आहे, कधी दगा देईल सांगता येत नाही. पहिली गोष्ट त्यांना पटली नाही आणि दुसरी त्यांना आवडली नाही. दुसरी प्रत ठेवणं म्हणजे पहिलीवर विश्वास नसणं, असं त्यांचं मत पडलं. "एवढी वर्सं झाली, कवा अडकलंय का?" असं म्हणून त्यांनी तो विषय आच्छादनाखाली झाकला.

सुमनबाईची अश्विनी आमच्या गोष्टीत येते ती इथं. सुमनबाई आणि तिचा नवरा दरवर्षी तोडीला जाणारे, आणि अश्विनी चुलत्याकडं राहून शिकणारी. ती बारावीला होती त्या हिवाळ्यात तिकडं फडावर कोप्यांना आग लागली. माणसं सगळी वाचली, पण सुमनबाईच्या कोपीतली पेटी गेली. पावसाळ्यात अश्विनीचा नर्सिंगला नंबर लागायची वेळ आली तेव्हा जातीची पडताळणी हवी, आणि पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा दाखला हवा असं निघालं. आजोबा निजामाच्या काळात दोनच वर्षं शाळेत गेलेले. त्यांची नोंद उर्दूत. तिच्या वडिलांनी फार खेटे घालून त्या नोंदीची नक्कल मिळवली होती आणि तीही पेटीतच होती. जुनी रजिस्टरं आता दप्तरखान्यात गठ्ठ्यांत बांधलेली. तिथल्या कारकुनानं सांगितलं, नोंदीचा नंबर असला तर दुपारपर्यंत काढून देतो, नंबर नसला तर वर्ष लागेल. तो खोटं बोलत नव्हता, गठ्ठे मी पाहिलेत. मुदत चार दिवसांवर आली होती. प्रवेश हुकला तर पुढच्या हंगामात लग्न आणि हातात कोयता, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ते माहीत होतं.

मी त्या दिवशी सहज मावशीकडं गेलो होतो. सुमनबाई आणि अश्विनी आल्या आणि उंबऱ्याशीच बसल्या; तोडीला जायच्या आधी काकांनी पेटीतल्या कागदांचे फोटो यंत्रात ठेवले होते, ते त्यांना आठवलं होतं. काकांना त्यांचं सगळं सांगून व्हायच्या आधीच आनंद झाला, हे मला स्पष्ट दिसलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी असं काहीतरी मागायला आलं होतं जे खरोखर फक्त त्यांच्याजवळ होतं. त्यांनी पाय धुतले, आच्छादन काढून नीट घडी घातली आणि बटन दाबलं. त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनमुळं यंत्र दोन महिने बंदच होतं. आतून फटाक्यासारखा आवाज आला, मागून धूर निघाला आणि जळक्या मांसाचा वास खोलीभर पसरला. विजेच्या भागात पाल शिरून बसली होती.

काकांनी स्वतः आयुष्यात असले हजार जळके भाग बदलले असतील. पण त्या दिवशी त्यांनी पेचकस हातात घेतला, परत खाली ठेवला, आणि म्हणाले की आता माझ्या हातानं काही करायचं नाही. मग ते अश्विनीकडं वळले. माझ्याशी किंवा मावशीशी ते कधी असं बोलल्याचं मला आठवत नाही.

"पोरी, ह्यो दुसरी प्रत काढा म्हणून कवापासून सांगत होता. म्या ऐकलं न्हाई. चूक माझी हाय."

अश्विनी उठून त्या डब्याजवळ आली. मग म्हणाली, "तात्या, तुमी ठिवलं म्हणून तर आमी हितं आलो. न्हाई तर कुठं गेलो असतो?"

आम्ही वडाप जीपनं, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या खासगी जीपनं, बीडला निघालो. काका, अश्विनी आणि मी. जीपमध्ये पुढं चार, मागं दहा माणसं, आणि काकांच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला डबा. ज्या माणसानं कॉम्प्युटर या विषयावर अनोळखी माणसालाही कधी सोडलं नाही, तो माणूस शेजाऱ्यानं "ह्ये काय हाय?" म्हणून विचारलं तरी नुसती गोधडी सारखी करत राहिला. खड्डा आला की ते डबा मांडीवरून उचलून हातांवर झेलत. माझ्याकडं द्या म्हटलं तर दिला नाही. बीडला जिलानीभाई म्हणून दुरुस्ती करणारे एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांचं दुकान बसस्थानकापासून जवळच. त्यांनी डबा उघडला, मेलेली पाल चिमट्यानं बाहेर काढली, आणि सगळं साठवून ठेवणारी हार्डडिस्क सोडवून हातात घेतली. तिच्यावर कुठं काळं पडलंय का ते भिंगातून बघितलं. मग ती आपल्या यंत्राला जोडली. एक बारीक घरघर सुरू झाली, थांबली, परत सुरू झाली. काका दुकानाच्या दारात पाठ करून उभे होते. त्यांना बघवत नव्हतं.

जिलानीभाई म्हणाले, "चाचा, जिवंत हाय. नाव काय बघू?"

काका आत आले. पडद्यावर ओळीनं खांबांचे नंबर होते, शंभरावर. आणि काकांना नंबर आठवेना. सगळ्या गावाचे खांब पाठ असलेला तो माणूस डोळे मिटून गल्लीतले खांब बोटांवर मोजत राहिला. मला वाटलं, आता आम्हाला एकेक उघडून बघावं लागणार. तेवढ्यात अश्विनीच हळू आवाजात म्हणाली, "आमच्या दारातल्या खांबावर एकवीस हाय. लहानपणी म्या त्येच्यावरूनच आकडे शिकले." एकवीस उघडलं, तर आत दोन घरं होती, डावीकडं आणि उजवीकडं. डावीकडच्यात तिसराच कागद तो होता. पिवळा पडलेला, कडेला घडी, मधोमध उर्दू अक्षरं. जिलानीभाईंनी चष्मा लावला आणि आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि शेवटी नोंदीचा नंबर मोठ्यानं वाचला. तो मी हातावर लिहून घेतला. अश्विनीनं वहीत लिहिला. काकांनीही आपल्या खिशातल्या एसटीच्या जुन्या तिकिटामागं लिहिला. एकाच नंबराच्या तीन प्रती झाल्या, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं.

दप्तरखान्यातल्या कारकुनानं शब्द पाळला. रजिस्टर दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं, नक्कल मिळाली, आणि पुढची धावपळ करून मुदतीच्या शेवटच्या दिवशी अश्विनीचे कागद पोचले. तिला प्रवेश मिळाला. आज ती संभाजीनगरच्या एका दवाखान्यात नोकरीला आहे. सुमनबाईनं त्यानंतरही दोन हंगाम कोयता धरला, मग लेकीनं तिला जाऊ दिलं नाही. काकांचं म्हणाल तर त्यांनी त्या वर्षभरात जिल्ह्यातल्या पेन ड्राइव्हची टंचाई होईल इतके पेन ड्राइव्ह आणले. प्रत्येक घराचे कागद त्याच्या त्याच्या पेन ड्राइव्हवर घातले, त्याला खांबाचा नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावली, आणि ते घरोघर नेऊन दिले. काही बायकांनी ते काळ्या दोऱ्यात ओवून देवघरात टांगले. तेही चाललं, म्हणाले, फक्त उदबत्तीपासून लांब ठेवा.

आता काकांनी सत्तरी ओलांडली आहे. गेल्या महिन्यात मी केजहून येताना त्यांच्याकडं गेलो तेव्हा ते दारात खुर्ची टाकून बसले होते. गावात साधा मोबाईल कधीच आला होता, मागच्या काही वर्षांत चांगला मोबाईलही आला. कागदाचा फोटो प्रत्येकजण स्वतःच काढतो, सातबारा खिशातच निघतो, फडावरूनसुद्धा बायका व्हिडिओवर लेकरांशी बोलतात. ट्रक भरायच्या दिवसांत त्यांच्याकडं आता कुणी कागद घेऊन येत नाही. बोलण्यात मी भीत भीत विचारलं की काका, वाईट वाटतं का. माझ्या प्रश्नाचं उत्तर ते एखाद्या बिघाडाचं कारण शोधावं तसं शोधत होते.

"मला काय पायजे व्हतं? घरोघर एक असावा. आता खिशाखिशात हाय. मग वाईट कावून वाटावं?" ते म्हणाले. मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "पर दारात कुणी येत न्हाई. ते येगळं."

मावशीनं आतून चहा झाल्याचं सांगितलं. आम्ही आत गेलो. चांगलं दहा माणसांचं पातेलं होतं. तिला कमी चहा टाकायची सवय राहिली नाही, असं ती म्हणाली. आम्ही तिघांनी मिळून बराचसा संपवला, आणि उरलेला काकांनी मी निघेपर्यंत ओतू दिला नाही.